सामायिक डॉकवरची वीज कायमची बंद करावी का?

तळेकाठी

नमस्कार. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटच्या उत्तरेस असलेल्या लेक नॉर्मनच्या काठी राहतो. कटॉबा नदीवर 1959 ते 1964 या काळात काउअन्स फोर्ड धरण बांधले गेले आणि त्यातून हे तळे झाले. राज्यातले हे सर्वांत मोठे मानवनिर्मित तळे असून त्याला सुमारे 520 मैलांचा किनारा आहे. आमच्या वसाहतीतील बहुतेक घरे पाण्यापासून थोडी आत असल्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र डॉक नाही. सर्वांचा मिळून एक तरंगता डॉक आहे. त्याच्या दोन्ही अंगांना बोटी लावण्याच्या स्लिपा आहेत आणि टोकाला एक शिडी आहे, जिच्यावरून उन्हाळाभर मुले पाण्यात उड्या मारत असतात.

या वसंतात वार्षिक तपासणीसाठी आलेल्या विद्युत तंत्रज्ञाला एका स्लिपवरून पाण्यात वीज गळत असल्याचे आढळले. बोट कोणाची हे महत्त्वाचे नाही. त्या कुटुंबाने तत्काळ तार काढून घेतली. मात्र त्यानंतर सोसायटीपुढे तीन प्रस्ताव आले आहेत. पहिला, डॉकच्या आसपास पोहण्यास बंदी घालावी. दुसरा, गळती होताच वीज तोडणारी नवी संरक्षक यंत्रणा बसवावी. तिसरा, डॉकवरची वीज कायमची काढून टाकावी. माझे मत तिसऱ्याच्या बाजूने आहे. जिथे मुले पोहतात तिथे 120 व्होल्टची वायर असण्याचे समर्थन मला करता येत नाही. परंतु सभेत बहुमत दुसऱ्या प्रस्तावाकडे झुकलेले दिसले. आपल्यापैकी जे पाण्याकाठी राहतात किंवा ज्यांना या विषयाची माहिती आहे, त्यांनी आपला अनुभव आणि मत सांगावे.

मोरपिशी

एक प्राथमिक प्रश्न विचारते. डॉकवर वीज लागते कशासाठी? बोट तर पेट्रोलवर चालते ना?

तळेकाठी

@मोरपिशी, मुख्य उपयोग बोट पाण्याबाहेर उचलून धरणाऱ्या लिफ्टच्या मोटरचा. त्याखेरीज बॅटरीचे चार्जर आणि रात्रीचे दिवे असतात. ज्यांच्या बोटींना केबिन आहे त्यांचा फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रही बोट उभी असताना डॉकच्याच विजेवर चालते.

अर्थिंग_नाशिक

मी विद्युत अभियंता आहे आणि औद्योगिक सुरक्षेचे काम करतो. हा विषय गंभीर असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

गळलेली वीज नेहमी आपल्या स्रोताकडे परत जाण्याचा मार्ग शोधते. बोटीतील चार्जर किंवा वॉटर हीटर बिघडला, तर गळणारा करंट अर्थच्या तारेतून किनाऱ्यावरच्या पॅनेलकडे परत गेला पाहिजे. ती तार कुठे तुटली असेल, गंजली असेल किंवा जोडात सैल झाली असेल, तर तोच करंट इंजिनाच्या धातूतून आणि बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यातून (प्रोपेलर) पाण्यात उतरतो. गोडे पाणी विजेचे फारसे चांगले वाहक नसते. मानवी शरीरात क्षार असल्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा अधिक चांगले वाहक ठरते. म्हणून पोहणारा माणूस त्या क्षेत्रात आला की त्याच्या शरीरातून करंटला सोपा रस्ता मिळतो.

आता प्रमाण पाहा. 10 ते 15 मिलीअँपिअर करंट शरीरातून गेला की स्नायूंवरचा ताबा सुटतो. हात-पाय हलत नाहीत, ओरडता येत नाही आणि उत्तम पोहणारा माणूसही बुडतो. 100 मिलीअँपिअरच्या आसपास काही सेकंदांत हृदयाचे ठोके विस्कळीत होतात. 120 व्होल्टवर 60 वॅटचा साधा दिवा 500 मिलीअँपिअर घेतो, म्हणजे त्या दिव्याला लागणाऱ्या विजेचा पन्नासावा भाग माणसाला बुडवण्यास पुरेसा आहे. डॉकवरचा नेहमीचा 30 अँपिअरचा ब्रेकर मात्र 30 अँपिअरच्या पुढे गेल्यावरच पडतो. 15 मिलीअँपिअरच्या तुलनेत ही मर्यादा दोन हजारपट आहे. म्हणून ‘ब्रेकर आहे ना’ या वाक्यावर कोणीही विसंबू नये.

अशा मृत्यूची शरीरावर बहुधा काही खूण राहत नाही, त्यामुळे अनेकदा नोंद केवळ ‘बुडून मृत्यू’ अशी होते. लोकांना हा धोका माहीत नसण्याचे हे एक मोठे कारण आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या 2011 च्या आवृत्तीत मरिनांसाठी, म्हणजे बोटी ठेवण्याच्या मोठ्या धक्क्यांसाठी, 100 मिलीअँपिअरच्या गळतीवर वीज तोडण्याची अट आली आणि 2017 च्या आवृत्तीत ती मर्यादा 30 वर आणली गेली. परंतु कोणते राज्य कोणती आवृत्ती केव्हा लागू करते हे वेगवेगळे असते आणि जुन्या डॉकवर नवी अट आपोआप लागू होत नाही. तुमचा डॉक कोणत्या वर्षाचा आहे, हे आधी पाहा.

पाँटूनवाला

मी त्याच तळ्याच्या दुसऱ्या अंगाला राहतो, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. वीज काढून टाकणे हा उपाय मला टोकाचा वाटतो. आमच्या डॉकवर माझे वयस्कर वडील संध्याकाळी येऊन बसतात. त्यांची नजर अधू झाली आहे आणि अंधारात डॉकची कड दिसली नाही तर तो धोकाही लहान नाही. दुसरे असे की बोटीच्या तळाशी साचणारे पाणी बाहेर फेकणारा पंप बॅटरीवर चालतो. दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस लागला आणि चार्जर नसला, तर बॅटरी संपते, पंप थांबतो आणि बोट जागच्या जागी बुडते. असे होताना मी शेजारच्या स्लिपवर पाहिले आहे. बुडालेल्या बोटीचे पेट्रोल आणि तेल पाण्यात पसरते, ते निराळेच. गळती तोडणारी यंत्रणा बसवल्यावर धोका उरतोच किती?

अर्थिंग_नाशिक

@पाँटूनवाला, यंत्रणा योग्य बसली आणि नियमित तपासली गेली तर धोका खूप कमी होतो, हे मान्य. अडचण अशी की ती संवेदनशील असते. एखाद्या बोटीत थोडी जरी गळती असली की पूर्ण डॉकची वीज जाते आणि मग लोक कंटाळून तिला बगल देऊन जोडणी करतात. तुमचा पंपाचा मुद्दा मात्र अगदी खरा आहे आणि त्याचे उत्तर वीज काढणाऱ्या पक्षाने दिले पाहिजे.

केपकोरलकर

आम्ही फ्लोरिडात केप कोरलला राहतो. येथे 400 मैलांहून अधिक लांबीचे कालवे आहेत, त्यांपैकी काही खाऱ्या पाण्याचे आणि काही गोड्या पाण्याचे. खाऱ्या बाजूला हा विशिष्ट धोका कमी असतो, कारण खारे पाणी शरीरापेक्षा चांगले वाहक आहे आणि करंट माणसाला वळसा घालून जातो. तेवढ्यावर निर्धास्त होणे मात्र चुकीचे, कारण जोराच्या पावसानंतर कालव्यातील वरचा थर बऱ्यापैकी गोडा झालेला असतो.

खाऱ्या पाण्यात एक वेगळीच गोष्ट घडते आणि ती या धाग्याशी थेट संबंधित आहे. बोटीच्या पाण्याखालील धातूचे रक्षण व्हावे म्हणून तिला जस्ताचे तुकडे लावतात. ते स्वतः झिजतात आणि पंखा वाचवतात. गोड्या पाण्यात त्यासाठी मॅग्नेशियम वापरतात. डॉकच्या विजेला जोडलेल्या सर्व बोटी अर्थच्या तारेने एकमेकींना जोडल्या जातात, त्यामुळे शेजाऱ्याच्या बोटीपायी आपले जस्त लवकर झिजू लागते. यावर काही लोक बोटीच्या केबलमधली अर्थची हिरवी तार सरळ कापून टाकतात! जस्त वाचते खरे, पण गळणाऱ्या करंटला परत जाण्याचा सुरक्षित मार्गच उरत नाही. तार न कापता जस्त वाचवण्यासाठी गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाचा भाग मिळतो, तो बसवावा. तुमच्या डॉकवर प्रत्येक केबलची दोन्ही टोके उघडून हिरवी तार शाबूत आहे की नाही हे एकदा पाहून घ्या.

मोरपिशी

हिरव्या तारेचे वाचून अंगावर काटा आला.

डेन्व्हरची_आई

मी लेक नॉर्मनच्या पश्चिम काठावरच्या डेन्व्हर गावात राहते. पोहण्यावर बंदीचा पहिला प्रस्ताव आमच्या वसाहतीत मंजूर झाला होता. पाटी लावली, पत्रे पाठवली, दंडही ठरवला. जुलैच्या दुपारी तेरा-चौदा वर्षांची मुले ती पाटी वाचत नाहीत. शिवाय कोणी चुकून पाय घसरून पडले, कुत्रा पाण्यात पडला आणि त्याच्यामागे कोणी उडी मारली, बोट बांधताना तोल गेला, तर त्या माणसाला बंदीचा काय उपयोग? पाण्याकाठी राहणारा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा पाण्यात जाणारच, असे धरूनच व्यवस्था केली पाहिजे. बंदीमुळे सोसायटीला आपण काहीतरी केल्याचे समाधान मिळते आणि खरे काम मागे पडते, हे मी जवळून पाहिले आहे. बंदीची पाटी असू द्या, पण तिला उपाय समजू नका.

वल्हेकरी

माझे बालपण रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी गेले आणि घरात मासेमारी होती. आमच्या होड्यांवर बॅटरीखेरीज वीज नव्हती. जेटीवर डिझेल यायचे, बर्फ यायचा, पण किनाऱ्यावरची वायर होडीत कधी आली नाही. त्यामुळे जेटीच्या आसपास पोरे दिवसभर पाण्यात असत आणि मोठ्यांना काळजी असे ती फक्त ओहोटीच्या ओढीची आणि दोन होड्यांच्या मध्ये सापडण्याची. सध्या न्यू जर्सीत एका सामायिक डॉकवर माझी लहान बोट आहे आणि तिथल्या केबलींचे जाळे पाहून मला नेहमी अस्वस्थ वाटते. माझे मत तळेकाठी यांच्याच बाजूने आहे.

बोट बांधण्याविषयी एक गोष्ट सांगतो, कारण ती विजेशी निगडित आहे. पुढचा आणि मागचा असे दोनच दोर बांधले तर बोट लाटेबरोबर पुढे-मागे सरकत राहते आणि तिच्याबरोबर विजेची केबलही ओढली जाते. मध्यावरून एक पुढे आणि एक मागे असे आणखी दोन तिरपे दोर बांधले की बोट जागेवर राहते आणि केबलीवर ताण येत नाही. केबलीला नेहमी दोरांपेक्षा जास्त ढील ठेवावी, मात्र ती पाण्यात लोंबू देऊ नये.

संथलाट

@वल्हेकरी यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. हल्ली मुद्दाम मोठी लाट उठवणाऱ्या बोटी वाढल्या आहेत. त्या डॉकच्या फार जवळून गेल्या की तरंगता डॉक सांध्यांमध्ये अक्षरशः वाकतो. आमच्याकडे किनारा आणि डॉक जोडणाऱ्या पुलाच्या बिजागरीशी केबलचे प्लास्टिकचे आवरण घासून फाटले होते आणि आतला तांब्याचा धागा दिसत होता. तंत्रज्ञाने गुडघ्यावर बसून टॉर्च लावून ते दाखवले, तेव्हा आम्हाला कळले. वरून चालणाऱ्या माणसाला ते कधीच दिसले नसते. पाहुणे म्हणून येणाऱ्या बोटींनाही डॉकजवळ लाट न उठवण्याचा नियम आधी सांगावा. यजमानाने तो सांगितला नाही तर जबाबदारी यजमानाची, असे आम्ही ठरवले आहे.

शरयू_अॅल्मेरे

नेदरलँड्समध्ये आमच्या घरामागेच कालवा आहे. येथे घरातील विजेच्या पॅनेलमध्ये 30 मिलीअँपिअरला तुटणारे उपकरण असते आणि बागेतून पाण्याकाठी जाणारी वायरही त्याच्या पलीकडूनच जाते. अमेरिकेत याला इतका विरोध का होतो, हे मला समजत नाही. उपकरणावर चाचणीचे बटण असते, ते ठरावीक काळाने दाबून पाहायचे, एवढीच मेहनत आहे. मी दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूने आहे, मात्र बटण दाबून पाहण्याची जबाबदारी एका नेमलेल्या व्यक्तीकडे हवी.

पाँटूनवाला

@शरयू_अॅल्मेरे, धन्यवाद, मलाही हेच म्हणायचे होते. बोटींच्या आनंदाबद्दलही कोणीतरी बोलले पाहिजे! गेल्या कोजागिरीला आम्ही तीन पाँटून (सपाट, तरंगत्या नळ्यांवरच्या बोटी) एकमेकींना बांधून तळ्याच्या मध्यावर उभ्या केल्या होत्या. मसाल्याचे दूध थर्मासमध्ये नेले होते, आणि लहान मुलांना डावीकडचा दिवा लाल, उजवीकडचा हिरवा हे तेव्हाच पाठ झाले. आपल्या लोकांनी पाण्याला घाबरून राहावे असे मला वाटत नाही, म्हणून मी थोडा हट्टाने लिहीत आहे.

डेन्व्हरची_आई

@पाँटूनवाला, पुढच्या कोजागिरीला आम्हालाही बोलवा. मात्र त्या दुधासाठी डॉकवर वीज लागली नाही, हे आपल्याच प्रतिसादावरून दिसते.

तळेकाठी

सर्वांचे मनापासून आभार. @अर्थिंग_नाशिक, एक प्रश्न आहे. गळती कोणत्या बोटीतून होते, हे सामान्य माणसाला पाहता येते का? आमचा तंत्रज्ञ वर्षातून एकदाच येतो आणि मधल्या काळात नवी बोट, नवा चार्जर असे बदल होत राहतात.

अर्थिंग_नाशिक

पाहता येते. मिलीअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर घ्या. त्याचा जबडा बोटीच्या संपूर्ण केबलीभोवती लावा, एकेका तारेभोवती नव्हे. सर्व काही ठीक असेल तर बोटीत जाणारा आणि परत येणारा करंट समान असतो, ते एकमेकांचा परिणाम रद्द करतात आणि मीटर शून्य दाखवतो. जो काही आकडा दिसेल, तेवढा करंट केबलीतून परत न येता दुसऱ्या वाटेने, म्हणजे पाण्यातून जात आहे. ही चाचणी बोटीतील चार्जर, वॉटर हीटर आणि वातानुकूलन यंत्र एकेक करून चालू करत घ्यावी, कारण पुष्कळदा एकच उपकरण दोषी असते आणि ते बंद असताना सर्व निर्दोष दिसते. आकडा दिसला तर ती केबल लगेच काढून टाकावी आणि दुरुस्ती परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. लिफ्टच्या मोटरींचीही तपासणी याच पद्धतीने होते.

पाण्यात हात घालून पाहण्याचा प्रकार मात्र कोणीही, कधीही करू नये. तसेच आज शून्य आले म्हणजे उद्याही शून्यच येईल असे नाही, हे लक्षात ठेवावे.

डॉक्टर_मावशी

मी आपत्कालीन विभागात काम करते. प्रसंग ओढवलाच तर काय करावे, हे या धाग्यात असलेच पाहिजे, म्हणून लिहिते.

पाण्यात असताना मुंग्या आल्यासारखे वाटले, तर शिडीकडे किंवा डॉककडे जाऊ नये; पाय जवळ घेऊन, ज्या दिशेने आलात त्या दिशेने डॉकपासून दूर जावे आणि मोठ्याने सांगावे. किनाऱ्यावरच्यांनी प्रथम मुख्य स्विच बंद करावा. बुडणाऱ्यासाठी पाण्यात उडी मारू नये. आपल्या माणसाला वाचवण्यासाठी उडी मारणाराही त्याच करंटमध्ये सापडतो आणि एका मृत्यूचे दोन होतात. दोर बांधलेले तरंगते कडे फेकावे. व्यक्ती बाहेर आल्यावर श्वास किंवा प्रतिसाद नसेल तर 911 ला कळवून ताबडतोब छातीदाब सुरू करावा आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) उपलब्ध असेल तर लावावा. विजेमुळे थांबलेले हृदय लवकर उपचार मिळाल्यास पुन्हा चालू होऊ शकते, म्हणून हातपाय गाळून बसू नये.

मुख्य स्विच डॉकच्या टोकाला नसून किनाऱ्यावर, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी असावा आणि तो कुठे आहे हे दहा वर्षांच्या मुलालाही माहीत असावे. पाहुण्यांची मुले आली की त्यांना पोहण्याचे जॅकेट देताना हा स्विचही दाखवावा.

सौरऊर्जा_डेव्हिडसन

पाँटूनवाला यांच्या दोन्ही आक्षेपांवर व्यवहार्य तोडगा आहे. लिफ्टसाठी 12 किंवा 24 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या मोटरी मिळतात आणि डॉकच्या छपरावरचे सौरपटल ती बॅटरी भरत राहते. लिफ्ट दिवसातून एक-दोनदाच चालते, त्यामुळे पटलाला दिवसभराचा वेळ मिळतो. बोटीतील पंपाच्या बॅटरीलाही एक लहान पटल पुरते. ढगाळ हवामानाचा विचार करून बॅटरी जरा मोठी घ्यावी. डॉकच्या कडेला लावायचे सौरदिवेही मिळतात, ते रस्त्यावरच्या दिव्यांइतके प्रखर नसले तरी कड स्पष्ट दाखवतात. या पद्धतीत किनाऱ्यावरून 120 व्होल्टची वायर आणण्याची गरजच उरत नाही. उरतो तो प्रश्न केबिनच्या मोठ्या बोटींचा. त्यांचे वातानुकूलन यंत्र अशा पटलावर चालणार नाही.

एक सूचना. समुद्रसपाटीपासून 760 फुटांच्या रेषेपर्यंतची तळ्याची जमीन ड्यूक एनर्जीच्या ताब्यात आहे आणि डॉक त्यांच्या परवानगीने उभा असतो. छपरावर पटले बसवण्याआधी त्यांना लेखी विचारून घ्यावे.

पाँटूनवाला

@सौरऊर्जा_डेव्हिडसन, हे मला पटले. लिफ्ट, पंप आणि दिवे यांची सोय होत असेल तर माझा विरोध राहत नाही. वडिलांसाठी आमच्या डॉकवरही मी हे दिवे लावून पाहतो.

शरयू_अॅल्मेरे

केबिनच्या बोटी ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यावर अन्याय होणार नाही का? त्यांनीही स्लिपचे पैसे भरलेलेच आहेत.

तळेकाठी

@शरयू_अॅल्मेरे, हाच मुद्दा काल रात्रीच्या सभेत सर्वाधिक वेळ चालला. या धाग्यातील माहिती मी इंग्रजीत करून सर्व सदस्यांना आधीच पाठवली होती. क्लॅम्प मीटरची पद्धत आणि डॉक्टर मावशींच्या सूचना तर छापून वाटल्या. केबिनची बोट आमच्याकडे एकाच कुटुंबाची आहे. त्यांनी आपण होऊन बोट व्यावसायिक मरिनात हलवण्याची तयारी दाखवली आणि त्यांच्या स्लिपचे या वर्षीचे शुल्क सोसायटीने परत करावे असे ठरले. किनाऱ्यावरून येणारी वीज काढण्याचा ठराव मंजूर झाला. एकमताने नव्हे, दोन कुटुंबांनी विरोधी मत नोंदवले आणि ते इतिवृत्तात घेतले आहे. लिफ्टच्या मोटरी टप्प्याटप्प्याने बदलतील, आणि तोवर लिफ्टला असलेली हाताने फिरवायची सोय वापरायची. ड्यूक एनर्जीला पत्र आजच गेले.

आता एक शेवटची शंका. नव्या मोटरी येईपर्यंत ब्रेकर नुसता बंद करून ठेवला तर चालेल का, असे काही सदस्य विचारत आहेत.

अर्थिंग_नाशिक

अभिनंदन. नाही, चालणार नाही. डॉककडे जाणारी केबल परवानाधारक तंत्रज्ञाकडून किनाऱ्यावरच्या पॅनेलमधून सोडवून घ्या, तिची टोके बंद करा आणि पॅनेलला कुलूप लावा. नुसता बंद केलेला ब्रेकर कोणीतरी वाढदिवसाच्या माळांसाठी किंवा एका रात्रीच्या चार्जरसाठी हमखास पुन्हा वर करते, आणि त्या वेळी पाण्यात कोण आहे हे त्याला ठाऊक नसते.

तळेकाठी

समजले. तंत्रज्ञाला शनिवारी बोलावले आहे आणि त्याचे काम पूर्ण होईपर्यंत शिडी डॉकवरून काढून ठेवत आहोत.